दहा-दहा मिनिटांच्या अंतराने

शेवट आधीच सांगतो. सहाही जण वाचले. त्यातल्या एकाच्या पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. औषधाची कंपनी चार महिन्यांत दिवाळखोरीत निघाली.

औषधाचं सांकेतिक नाव टीजीएन१४१२. तारीख १३ मार्च २००६, सोमवार. ठिकाण वायव्य लंडनमधल्या हॅरोचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. नेमकं सांगायचं तर त्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पॅरेक्सेल या खासगी कंपनीने भाड्याने घेतलेला औषधचाचणी विभाग.

घटनेचं घड्याळ सकाळी आठला सुरू होतं. पण त्याच्या आधीची काही वर्षं ओझरती पाहावी लागतात. त्या सकाळी घडलेलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं होतं.

१९९७

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात टोमास ह्युनिग आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या टी पेशींवरचं एक अजब प्रतिपिंड प्रसिद्ध करतात.

टी पेशी म्हणजे शरीराची एक रोगप्रतिकारक पेशी. ती सहजासहजी पेटत नाही. तिला दोन इशारे लागतात. बँकेच्या लॉकरसारखा मामला: एक किल्ली आपली, एक बँकेची. पहिला इशारा म्हणजे ओळखीचा शत्रू दिसणं. दुसरा येतो पेशीच्या अंगावरच्या सीडी२८ नावाच्या प्रथिनातून. एकाच किल्लीने लॉकर उघडत नाही, आणि त्यातच शरीराची सुरक्षितता असते.

ह्युनिग यांच्या प्रतिपिंडाने तो एकाच किल्लीने उघडला. शत्रू दिसायची गरजच उरली नाही.

१९८७ (पुन्हा दहा वर्षं मागे)

हा उल्लेख जरा मध्येच येतो, पण तो इथेच हवा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये दाहक टी पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरतात. तिथे मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण त्यांना परकं वाटतं. त्या रसायनं सोडतात, इतर पेशींना बोलावून घेतात, आणि वायरीवरचं रबर सोलावं तसं ते आवरण सोललं जातं. कोणाच्या एका डोळ्यापुढे अंधारी येते, कोणाचा पाय बधिर होतो.

अमेरिकेत या आजाराच्या १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन देऊन पाहिलं गेलं. बरं वाटेल अशी आशा होती. उपचार चालू असताना त्यातल्या सात जणांचा आजार उसळला. गॅमा इंटरफेरॉन हे पेटलेल्या टी पेशी सोडतात त्या रसायनांपैकी एक. प्रयोग थांबवला गेला. या पेशींच्या हातातलं एकच हत्यार बाहेरून टोचलं, तर काय होतं ते तेव्हाच दिसलं होतं.

२००५

व्युर्त्सबुर्गच्या चमूचा पुढचा शोधनिबंध. प्रयोगशाळेतल्या उंदरांना मायलिनचा अंश टोचला, की मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार होतो. त्याची सुरुवात शेपटीपासून. आधी शेपटीचं टोक लुळं पडतं, मग सगळी शेपटी, मग मागचे पाय. संशोधक रोज सकाळी एकेक उंदीर उचलतात, शेपटीला बोट लावतात आणि वहीत आकडा लिहितात.

सीडी२८ चं हे प्रतिपिंड मिळालेल्या उंदरांमध्ये ते आकडे बरेच कमी राहिले. प्रतिपिंडाने पेशी पेटवल्या खऱ्या, पण उंदरांत सगळ्यात जास्त वाढल्या त्या नियामक टी पेशी, म्हणजे दाहाला आवर घालणाऱ्या. भांडखोरांपेक्षा समजूत घालणारे जास्त जमले.

बेत असा होता. संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग: जिथे टी पेशींचा तोल गेलेला आहे, तिथे हे औषध तो सावरेल. विद्यापीठातून निघालेल्या टेजेनेरो या छोट्या कंपनीने माणसांसाठीचं प्रतिपिंड तयार केलं, तेच टीजीएन१४१२.

प्राणिचाचण्या

माकाक जातीच्या माकडांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. माकडांच्या सीडी२८ चा पेशीबाहेरचा भाग माणसाच्यासारखाच असल्याची खात्री केलेली. रक्तात काही सायटोकाइन्स, म्हणजे पेशी सोडतात ती रसायनं, थोडी वाढलेली दिसली. माकडं धडधाकट होती. वाढ नोंदवली गेली आणि काम पुढे गेलं.

काचेच्या नळीत माणसाच्या रक्तातल्या पेशींवर औषध द्रवरूपात टाकलं, तर काहीच होत नव्हतं. हीसुद्धा निर्धास्त करणारी गोष्ट मानली गेली.

टी पेशींना सरसकट चेतवणारं प्रतिपिंड माणसाला दिलं, की सायटोकाइन्सचा लोंढा येऊ शकतो, हे काही नवं नव्हतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणात १९८० च्या दशकापासून वापरात असलेल्या ओकेटी३ या अशाच एका प्रतिपिंडाच्या पहिल्या मात्रेनंतर येणारी थंडी आणि ताप प्रत्यारोपण विभागातल्या परिचारिकांच्याही ओळखीचा होता.

मात्रेचा हिशेब

माकडांना निर्धोक ठरलेली मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅम. माणसाच्या शरीराच्या मानाने तिचं रूपांतर १६. सुरक्षिततेसाठी दहाने भाग, १.६. आणखी खबरदारी म्हणून आणखी खाली, ०.१. माकडांच्या मात्रेचा पाचशेवा हिस्सा. कागदावर हा हिशेब वाजवीपेक्षा जास्त सावध दिसतो, आणि त्या काळच्या नियमांत तो चोख बसत होता.

हिशेबात एक प्रश्न नव्हता: एवढ्या औषधाने शरीरातले किती सीडी२८ रेणू व्यापले जातील? उत्तर नंतर काढलं गेलं. सुमारे ९० टक्के. किमान परिणाम कुठे सुरू होतो तिथून मोजायला लागलं, तर सुरुवात किलोमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे दिलं त्याचा शंभरावा हिस्सा.

आणखी दोन छोटे निर्णय. माकडांना औषध तासाभरात दिलं होतं; माणसांना ते तीन ते सहा मिनिटांत द्यायचं ठरलं. आणि एका स्वयंसेवकानंतर दुसऱ्याला सुई लावायची दहा मिनिटांनी.

या दहा मिनिटांना त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. जानेवारीच्या अखेरीस ब्रिटनच्या औषध नियामकाची परवानगी आली.

८ मार्च २००६

अमेरिकेत तज्ज्ञांची एक समिती नॅटॅलिझुमॅब पुन्हा बाजारात आणायची शिफारस करते. दाहक पेशींना मेंदूच्या दाराशी अडवणारं हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध. काही रुग्णांच्या मेंदूत जीवघेणा विषाणुसंसर्ग आढळल्याने ते वर्षभरापूर्वी मागे घेतलं होतं. पहारेकरी फारच अडवले, तर चोर आत येतो.

लंडनच्या चाचणीला पाच दिवस उरलेले.

१३ मार्च, सकाळी ८.००

आठ स्वयंसेवक. सगळे पुरुष, निरोगी, वय १९ ते ३४. मोबदला प्रत्येकी सुमारे दोन हजार पौंड. सहा जणांना औषध, दोघांना औषध नसलेला द्रव. कोणाला काय मिळतंय, हे त्यांना ठाऊक नाही.

पहिल्याच्या शिरेत द्रव सुरू होतो. सत्तर किलोच्या माणसाला ७ मिलिग्रॅम. साखरेचे मोजके दाणे भरतील एवढं वजन.

हे औषध याआधी कुठल्याही माणसाच्या शरीरात गेलेलं नाही.

८.१०

दुसरा.

पहिला ठीक आहे. दहा मिनिटांत त्याला काही व्हायचंच नव्हतं.

प्रतिपिंडाचे रेणू रक्तात पसरले आहेत. मात्र सात मिलिग्रॅम म्हटलं तरी शरीरातल्या प्रत्येक टी पेशीच्या वाट्याला हजारो रेणू येतात. प्रत्येक रेणू वाटेत भेटेल त्या सीडी२८ ला चिकटतो.

८.२०

तिसरा.

टी पेशी ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट पेशी रक्तात असतात फार थोड्या, शरीरातल्या एकूण साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात, फुप्फुसात, त्वचेखाली. रक्त तपासून टी पेशींचा अंदाज बांधणं म्हणजे स्टेशनवरची गर्दी बघून शहराची लोकसंख्या सांगणं. काचेच्या नळीतल्या चाचण्या या दोन टक्क्यांवर झाल्या होत्या.

८.३०

चौथा.

इथे उंदीर आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो, तरुण असतो, त्याला कधी सर्दी झालेली नसते. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने कांजिण्या काढलेल्या असतात, लसी घेतलेल्या असतात, दर हिवाळ्यात कुठला ना कुठला ताप पचवलेला असतो. अशा प्रत्येक लढाईनंतर काही टी पेशी मागे राहतात, सराईत झालेल्या. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्यातल्या एका गटाला ग्रंथींत बसून राहायची सवय नसते. या पेशी फुप्फुसात, त्वचेत, आतड्यात गस्त घालतात आणि इशारा मिळाला की तासाभरात दाहक रसायनं ओततात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाच्या मेंदूत जो धिंगाणा चालतो, त्यातही या सराईत पेशींचा मोठा हात असतो.

उंदरांकडे त्या जवळपास नव्हत्या. माकडांकडे होत्या, पण त्यांच्या या गटातल्या सीडी४ प्रकारच्या टी पेशींवर सीडी२८ नव्हतं. म्हणजे औषधाला पकडायला जागाच नव्हती. हे कळायला अजून चार वर्षं जायची होती.

खाटांवरच्या सहा तरुणांकडे त्या पेशी होत्या, आणि त्यांच्यावर सीडी२८ होतं.

८.४०

पाचवा.

८.५०

सहावा.

औषध मिळाल्यावर डोकेदुखी सुरू व्हायला या सहा जणांना लागलेला वेळ नंतर प्रसिद्ध झाला: ५० ते ९० मिनिटं. घड्याळाशी ताडून पाहिलं, तर पहिली तक्रार यायची लवकरात लवकर वेळ ही. तोवर पाच जणांना देऊन झालं आहे आणि सहाव्याची सुई लागते आहे.

९.००

सातवा.

९.१०

आठवा आणि शेवटचा.

घटनाक्रम लिहिताना इथे हात थांबतो. पहिल्यानंतर दोन तास थांबायचं ठरलं असतं, तर १० वाजेपर्यंत पहिल्याचं दुखणं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं असतं आणि बाकीच्यांच्या सुया पेटीतच राहिल्या असत्या. चाचणी एक-दोन दिवसांनी लांबली असती. त्यापलीकडे खर्च नव्हता. योजनेत मात्र अंतर दहा मिनिटांचं लिहिलं होतं आणि विभागाने ते तंतोतंत पाळलं. चौकशीतही निघालं तेच: मात्रा ठरल्याप्रमाणे दिली होती, औषधात भेसळ नव्हती, सुई टोचण्यात चूक नव्हती.

९.१० ते १०.३०

डोकेदुखी. मग कमरेत आणि पाठीत कळा. थंडी भरून अंग थडथडू लागतं. मळमळ, उलट्या, जुलाब. त्वचा लालबुंद. ताप चढतो.

एकामागून एक, ज्या क्रमाने सुया लागल्या साधारण त्याच क्रमाने. दोघांना काहीच होत नाही. कोणाला काय मिळालं होतं, हे आता पाकीट न उघडता कळतं.

औषध मिळाल्यापासून ९० मिनिटांच्या आत सहाही जणांच्या शरीरात दाह उसळला आहे. टीएनएफ नावाचं दाहक रसायन रक्तात आधी चढतं. मागोमाग इंटरल्यूकिन आणि गॅमा इंटरफेरॉन. १९८७ मध्ये १८ रुग्णांना जे बाहेरून दिलं होतं, ते इथे आतून येतं आहे, आणि त्याला मात्रा ठरवून देणारं कोणी नाही. काही रसायनांचं रक्तातलं प्रमाण मोजणीच्या कमाल मर्यादेपलीकडे गेल्याचं नंतर आढळलं.

दुपार

 

रक्तवाहिन्या सैलावल्या आहेत, रक्तदाब उतरतो आहे, नाडी धावते आहे. तापावरची, उलटीवरची औषधं, सलाईन, स्टिरॉइड. प्रत्येक लक्षणाला त्याचं त्याचं औषध मिळतं. आत मात्र लक्षणांमागची गोष्ट एकच आहे. रसायनं रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या करतात, त्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं. रक्तदाब टिकवायला सलाईन द्यावं लागतं, आणि त्यातलं काही त्याच वाटेने फुप्फुसाकडे निघतं.

काहींचे चेहरे सुजले आहेत. पुढे लंडनच्या वर्तमानपत्रांनी यातल्या एका तरुणाच्या सुजेला एक टोपणनाव चिकटवलं आणि बातमीचा सगळा भर तिकडे गेला. ते नाव इथे देत नाही. दहा मिनिटांचा मुद्दा मथळ्यात बसणारा नव्हता.

रात्री ८.०० ते १.००

औषधाला १२ ते १६ तास झाले. सहाही जण अत्यवस्थ. छातीच्या क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांवर पांढुरके ढग. मूत्रपिंडं काम सोडू लागलेली. रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडलेली. काही ठिकाणी गुठळ्या, काही ठिकाणी गोठतच नाही.

त्यांना त्याच आवारातल्या सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवलं जातं. तिथल्या चमूत डॉ. गणेश सुंथरलिंगम आहेत. या सहा रुग्णांचा वैद्यकीय वृत्तान्त सप्टेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्याचे पहिले लेखक तेच.

अतिदक्षता विभागाला अशी अवस्था अपरिचित नव्हती. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, की माणूस असाच दिसतो. पण एरवी रुग्ण येतो तेव्हा आजार किती तासांचा झाला आहे, याचा अंदाजच करावा लागतो. इथे शून्यावं मिनिट माहीत होतं. सहा तरुण, आदल्या दिवशी ठणठणीत, एकाच आजारात, एकाच तासाला शिरलेले. आणि जंतू कुठेच नव्हता. शरीर ज्याच्याशी झुंजत होतं, असं आत कोणीच नव्हतं.

मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन. रक्तशुद्धीची यंत्रं. आणि डॅक्लिझुमॅब.

हे शेवटचं नाव लक्षात ठेवण्यासारखं. टी पेशी एकमेकींना चिथावायला इंटरल्यूकिन-२ वापरतात. डॅक्लिझुमॅब तो निरोप पोचू देत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ते १९९७ पासून वापरात होतं, आणि त्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या चालू होत्या. एका प्रतिपिंडाने लावलेली आग विझवायला दुसरं प्रतिपिंड.

१४ मार्च, सकाळी ८.००

चोवीस तास.

रक्ताच्या अहवालात लिम्फोसाइट जवळपास दिसत नाहीत. मोनोसाइटही नाहीत. पेटलेल्या पेशी रक्त सोडून ऊतींमध्ये शिरल्या असाव्यात. रक्तवाहिनीची भिंत धरायची, चपटं व्हायचं, दोन पेशींमधल्या फटीतून पलीकडे जायचं: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ही वाट मेंदूकडे जाते. इथे ती एकाच दिवसात शरीरभर उघडली.

बाहेर वार्ताहर जमू लागतात.

पुढचे दिवस

चौघं हळूहळू सावरतात. दोघांच्या फुप्फुसांना आणि रक्ताभिसरणाला यंत्रांचा आधार लागतो. एकाला ८ दिवस, एकाला १६. ज्याला सर्वांत जास्त काळ लागला, त्याची बोटं काळी पडतात. गुठळ्या आणि आटलेला रक्तपुरवठा. काळा पडलेला भाग कोरडा होऊन सुरकुततो. नंतर तो काढावा लागतो.

एप्रिल ते डिसेंबर

५ एप्रिलला नियामकाचा प्राथमिक अहवाल, मेअखेर अंतिम. निष्कर्ष: औषधाचा माणसातला परिणाम अनपेक्षित होता, उत्पादनातल्या वा औषध देण्यातल्या चुकीने हे घडलेलं नाही. नोंदी ठेवण्यातल्या काही त्रुटींवर बोट ठेवलं.

जुलैत टेजेनेरोची दिवाळखोरी.

डिसेंबरमध्ये गॉर्डन डफ यांच्या तज्ज्ञ गटाचा अहवाल, २२ शिफारशी. मात्रा ठरवताना किमान परिणामापासून वर मोजा, निर्धोक कमाल मात्रेपासून खाली नको. आणि नवं औषध पहिल्यांदा देताना आधी एकालाच द्या, बघा, मग पुढच्याला. माझ्या वाचनात ही दुसरी शिफारस सगळ्यात साधी आहे. ती करायला इम्युनोलॉजी यावी लागत नाही. घरी नव्या दुकानातून आणलेला खवासुद्धा आपण आधी जरासा चाखून पाहतो.

२००७ आणि २०१०, पॉटर्स बार

नॉर्थविक पार्कपासून फार लांब नाही, लंडनच्या उत्तरेच्या वेशीवर, जैविक औषधांची मानकं ठरवणारी ब्रिटनची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी औषध द्रवात न टाकता प्लॅस्टिकच्या तळाला चिकटवलं आणि त्यावर माणसाच्या रक्तपेशी सोडल्या. ऊतींमध्ये जसं ते पृष्ठभागाला धरून पेशीसमोर येत असेल, साधारण तसं. पेशी पेटल्या. सायटोकाइन्स भरभरून आली. करायला काही दिवस पुरतील अशी ही चाचणी.

२०१० मध्ये त्यांनीच माकडांचा उलगडा केला: सराईत सीडी४ स्मृतिपेशी आणि त्यांच्यावर नसलेलं सीडी२८. पाचशे पट मात्रा देऊनही माकडं शांत राहिली, कारण ज्या पेशींनी लंडनमध्ये उठाव केला, त्या पेशींपर्यंत माकडांत औषध पोचतच नव्हतं.

व्युर्त्सबुर्गमधल्या चमूनेही मागे वळून पाहिलं. रक्तातल्या विरळ पेशी दोन दिवस दाटीवाटीने एकत्र ठेवल्या, ग्रंथींत असतात तशा, की द्रवातल्या औषधालाही त्या उत्तर देऊ लागतात, असं त्यांना आढळलं.

२०१६ आणि २०१८

डॅक्लिझुमॅबला मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता मिळते. नॉर्थविक पार्कच्या सहा जणांना ते आग विझवायला दिलं होतं. मार्च २०१८ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं जातं: काही रुग्णांच्या मेंदूला गंभीर दाह झाला होता.

मॉस्को

टीजीएन१४१२ मेलं नाही. रशियन गुंतवणूक आली, नाव बदलून टीएबी०८ झालं, आणि २०११ नंतर रशियात तीस निरोगी स्वयंसेवकांवर त्याची पुन्हा चाचणी झाली. या वेळी रक्तात टीएनएफ उसळलं नाही, गॅमा इंटरफेरॉन उसळलं नाही. वाढलं ते इंटरल्यूकिन-१०, दाहाला आवर घालणाऱ्या पेशींचं रसायन. २००५ मध्ये उंदरांत जे दिसलं होतं, तेच अखेर माणसात दिसलं.

सुरुवातीची मात्रा होती किलोमागे ०.१. नॉर्थविक पार्कच्या कागदावर होता तोच आकडा. फक्त या वेळी त्याच्यापुढे मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं.